गाडी आली, जात उतरली नाही

गावाकडच्या आमच्या घराची चौकट रेल्वेच्या जुन्या स्लीपरची आहे. काळंकुट्ट लाकूड, तेल पिऊन निबर झालेलं, अंगावर खिळ्यांची भोकं. माझ्या पणजानं ती आणली. पणजा जी.आय.पी. रेल्वेत गँगमन होता, दौंड-मनमाड लाइनीवर, येवल्याच्या अलीकडं. त्याचा फोटो नाही, कागद नाही. चौकट तेवढी आहे. आजी म्हणते, "ह्या लाकडावरून लय गाड्या गेल्या बाबा. आता तू जातूस. डोकं सांभाळ."

मी सोलापूरला एका सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे. तुटलेला धागा जोडायचा, बॉबिन भरली की उतरवायची, आठ तास नाकातोंडात रुई. शिक्षण दहावी. बाकीचं वाचन तिसरी पाळी सुटल्यावर, झोप मोडून. कविता लिहितो. इतिहास लिहायचा तुला काय अधिकार, असं कुणी विचारील. विचारू दे. ज्यांना अधिकार होता त्यांनी आमचा लिहिला नाही, म्हणून हा लेख.

निमित्त असं झालं. युनियनच्या अभ्यासवर्गात एक शिकलेले कॉम्रेड आले होते. माणूस चांगला, तळमळीचा. ते म्हणाले, रेल्वे आली आणि जातीचं कंबरडं मोडलं. बामन आणि महार एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसले. टाळ्या पडल्या. मी पण वाजवल्या. रात्री पाळीला मशीनपुढं उभा राहिलो आणि चौकट आठवली. जात मोडली तर पणजा जन्मभर रुळाखालीच खडी का ठोकत राहिला? त्याच्या गँगमधला एकही माणूस स्टेशनमास्तर सोडा, साधा पॉइंट्समन का झाला नाही? त्या प्रश्नामागं मी दोन वर्षं लागलो. जे हाती आलं ते मांडतो.

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. ही गोष्ट शाळेतल्या पोरालाही पाठ असते. गाडीला तीन इंजिनं होती, त्यांची नावंसुद्धा पाठ असतात : साहिब, सिंध, सुलतान. लोखंडाला नावं होती बघा. ज्यांनी भराव टाकला त्यातल्या एकाचंही नाव मला कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

त्याच वर्षी दोन माणसांनी या रेल्वेबद्दल दोन गोष्टी लिहिल्या. एक गव्हर्नर जनरल डलहौसी. गाडी सुटल्यावर चारच दिवसांनी, २० एप्रिलला, त्यानं आपलं प्रसिद्ध टिपण लिहिलं. त्यात हिशेब स्वच्छ आहे. फौज या टोकाकडून त्या टोकाला लवकर हलली पाहिजे, कापूस बंदरावर लवकर पोचला पाहिजे आणि विलायतेचा माल आत शिरला पाहिजे. दुसरा कार्ल मार्क्स. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात त्यानं लिहिलं, की रेल्वेतून आधुनिक उद्योग जन्माला येईल आणि ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर जात उभी आहे ती विरघळून जाईल. अभ्यासवर्गातले कॉम्रेड हेच सांगत होते.

डलहौसीचं खरं झालं. मार्क्सचं? अर्धं. आणि उरलेल्या अर्ध्यात आमच्या चार पिढ्या गेल्या.

आधी बोरघाट बघू. पुण्याला जाताना खिडकीतून धबधबे बघतो आपण, फोटो काढतो. कर्जत ते खंडाळा हा चढ सुमारे पंचवीस किलोमीटरचा. उंची १८३१ फूट, पंचवीस बोगदे. काम १८५६ साली सुरू झालं, २१ एप्रिल १८६३ ला घाट खुला झाला. १८६१ साली एका वेळी ४२ हजार माणसं या डोंगरावर राबत होती. कडा उभा. सुरुंगाची भोकं पाडायला माणूस कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली सोडायचा. सुरुंग, दरड, ताप. वर पटकी. माणसं मरायची, उरलेली काम टाकून पळायची, नवी भरती यायची. बायका आणि पोरं माती वाहायची, कारण नवऱ्याच्या एकट्याच्या मजुरीत कुणाचंच पोट भरत नव्हतं.

१८५९ च्या जानेवारीत या घाटात दंगा झाला. कारण साधं. पोटकंत्राटदारांनी मजुरी थकवली होती. फॅव्हिएल नावाच्या मुख्य कंत्राटदाराला त्या वर्षी काम सोडावं लागलं. पुढं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेलला मिळालं. तो आला आणि थोड्याच आठवड्यांत मेला. त्याची बायको अ‍ॅलिस हिनं कंत्राट हातात घेतलं आणि दोन इंजिनियर ठेवून घाट पुरा करून दाखवला. बाई धीराची, तिला सलाम. पण एक गोऱ्या कंत्राटदारीण बाईचं नाव इतिहासात राहतं, आणि डोक्यावर पाटी घेऊन तोच डोंगर उतरवणाऱ्या हजारो बायांमधली एकही नावानं राहत नाही, हे ध्यानात ठेवा.

आणि हा घाट कुणाला लागत होता? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस बंद, म्हणून मँचेस्टरची नजर आपल्या कापसावर. मुंबईत कापसाचा भाव आभाळाला भिडला. घाट त्याच गर्दीत, १८६३ ला खुला झाला. १८६७ ला लाइन वऱ्हाडातून नागपूरला पोचली. म्हणजे युद्ध सात समुद्रापार आणि घाई आमच्या डोंगरात. मी रोज ज्या रुईत उभा असतो त्या रुईचा आणि रुळाचा संबंध इतका जुना आहे. गिरणी आणि रेल्वे एकाच आईच्या पोटच्या. आई कापूस.

आता आमची लाइन. दौंड-मनमाड.

१८७६ ते १८७८ चा दुष्काळ. दख्खन करपलं. साऱ्या देशात पन्नास लाखांवर माणूस मेला असा अंदाज आहे. सरकारनं दुष्काळी कामं काढली : रस्ते, तलाव आणि दौंड-मनमाड रेल्वेचा भराव. भुकेल्या माणसांच्या हातांनी ही लाइन झाली, १८७८ साली गाडी धावली. मजुरी किती? १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांनी ती खाली आणली. धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे अर्धा किलोही नाही. त्यावर दिवसभर माती उपसायची. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामं टाकली आणि निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला संप होता तो. असा संप कोणत्या पाठ्यपुस्तकात शिकवतात?

आणि रेल्वे तर होती ना? धान्य आलं असेल की! आलं. जिथं लाइन होती तिथं व्यापाऱ्याचं धान्य आलं, पण ज्याच्या हातात पैसा त्यालाच मिळालं. त्याच काळात गहू बोटीत भरून विलायतेला जात होता. गाडी दोन्हीकडं धावते. ती माणसाकडं धान्य आणते, तशी माणसाच्या तोंडातलं काढूनही नेते. डब्याला दया नसते, त्याला चिठ्ठी असते.

हा शांततेचा काळ बरं का. पुस्तकात या वर्षांवर युद्ध असं लिहिलेलं नाही.

लाइन झाली. आता तिची राखण पाहिजे. पावसाळ्यात भराव खचतो, उन्हाळ्यात रूळ फुगतो, खडी दबते. दर काही मैलांवर एक गँग. एक मुकादम, एक चावीवाला आणि बाकीचे गँगमन. पहार, टिकाव, बीटर, घमेलं. उन्हात तापलेली खडी स्लीपरखाली ठोकून बसवायची. गाडी आली की बाजूला व्हायचं, गेली की पुन्हा आत. रात्री पाऊस असला तर कंदील घेऊन लाइन चालत जायची.

हे काम कुणाला? गावाबाहेर ज्यांची वस्ती त्यांना. महार, मांग, भिल्ल, वडार. गावात बलुत्यासाठी येसकराची काठी घेऊन रात्री फिरणारा महार इथं कंपनीचा कंदील घेऊन फिरायला लागला. फरक एक होता आणि तो लहान नव्हता : महिन्याला रोख पगार. पाटलापुढं हात पसरायचा नाही. पणजाला हे माहीत होतं. आजी सांगते, तो गावात शिरला की जाणूनबुजून कंपनीचा कोट घालून शिरायचा, उन्हाळा असला तरी. म्हणून म्हणतो, मार्क्सचं अर्धं खरं झालं. रेल्वेनं आम्हाला गावाच्या दोरीतून सोडवलं.

पण सोडवून कुठं बांधलं? तेही बघा. इंजिनावर गोरा नाहीतर अँग्लो-इंडियन. तिकिटाच्या खिडकीत आणि स्टेशनमास्तरच्या खुर्चीत वरच्या जातीचा बाबू. आणि रुळावर आम्ही. जी उतरंड गावात होती तीच इथं, फक्त हिला ग्रेड आणि गणवेश मिळाला. फलाटावर पाण्याची हाळी असायची, हिंदू पाणी, मुसलमान पाणी. आजी सांगते, "तुझ्या पणजाच्या गँगमधी बी मडकी दोन व्हती. एक त्यांचं, एक आपलं. खडी मात्र एकच."

डब्यात शेजारी बसले हे खरंच आहे. जातवार डबे जोडणं कंपनीला परवडणारं नव्हतं. तिला भाडं पाहिजे होतं. पण डब्यातून खाली उतरल्यावर काय? त्याचं उत्तर १९०१ सालच्या मसूर स्टेशनात आहे. ही हकीकत आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, तरी रेल्वेच्या अंगानं पुन्हा वाचा. नऊ-दहा वर्षांचा भीमराव, मोठा भाऊ आणि भाचे, साताऱ्याकडून वडिलांना भेटायला निघालेले. नवे कपडे, हातात तिकीट. गाडीनं त्यांना बिनतक्रार मसूरला आणलं. स्टेशनमास्तर आधी आपुलकीनं बोलला, चांगल्या घरची पोरं वाटली त्याला. महार आहोत म्हटल्यावर त्याचा चेहरा बदलला आणि तो मागं सरला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं, आणि गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. रात्रभर घोटभर पाणी मिळालं नाही.

म्हणजे आगगाडीनं महाराचं पोर नेलं, बैलगाडीनं नाकारलं. रेल्वेचा कायदा फलाटाच्या दारापर्यंत. दाराबाहेर मनूचा. आणि दारात जो स्टेशनमास्तर उभा होता तो तर रेल्वेचाच माणूस होता.

आता युद्ध. इथं एक गोष्ट नीट बघायला पाहिजे, कारण माझ्या सगळ्या वाचनातून हाती आलेलं सार हेच आहे. शांततेत जी दारं आम्हाला बंद असतात ती युद्धात उघडतात. माणूस कमी पडला की जात चालते. युद्ध संपलं की दार पुन्हा लावून घेतात.

पहिलं महायुद्ध, १९१४ ते १९१८. इथले रूळ, इंजिनं, डबे बोटीत घालून मेसोपोटेमियाला आणि पूर्व आफ्रिकेला नेले. रुळाबरोबर रूळ टाकणारी माणसंही नेली. बसऱ्याकडं हमाल आणि मजुरांच्या पलटणी गेल्या. हात कमी पडले म्हणून तुरुंगातले कैदीसुद्धा भरती केले. महारांची फौजेतली भरती १८९० च्या दशकात बंद करून टाकली होती, आम्ही लढाऊ जातीचे नाही म्हणे. १९१७ ला अडचण आल्यावर १११ वी महार पलटण उभी केली. युद्ध संपलं आणि १९२१ ला मोडून टाकली. चार वर्षं लढाऊ, मग पुन्हा येसकर.

इकडं रेल्वे झिजून गेली होती. १९२१ च्या अ‍ॅकवर्थ समितीनं तिची दशा लिहून ठेवली. त्यातून १९२४ ला वेगळं रेल्वे बजेट आलं आणि १९२५ ला जी.आय.पी. सरकारनं ताब्यात घेतली. मालक बदलला. इंजिनं, पूल, गर्डर यांच्या झिजण्याचा हिशेब झाला. पणजाच्या आधीच्या पिढीच्या पाठी झिजल्या त्याचा रकाना त्या हिशेबात नव्हता.

मग १९३८. मनमाड. १२ आणि १३ फेब्रुवारी. जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद, अध्यक्ष बाबासाहेब. आजीनं हे सासऱ्याच्या तोंडून ऐकलेलं : "रजा मागितली तर मुकादम म्हणला, खाडा मांडीन. तुझा पणजा म्हणला, मांड. लायनीनं चालत गेला मनमाडाला. चार भाकरी बांधून दिल्या व्हत्या."

तिथं बाबासाहेबांनी काय सांगितलं? कामगाराचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे वाक्य आपण सगळे घोकतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेचा जो हिशेब मांडला तो फार कमी लोक वाचतात. ते म्हणाले, अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत. का? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरची कामं करावी लागतात, आणि स्टेशनमास्तर सवर्ण. त्याच्या घरात महार कसा चालेल? बघा हं, नोकरी रेल्वेची, पगार रेल्वेचा, आणि बढती अडते कुठं तर स्टेशनमास्तरच्या चुलीपाशी! वर्कशॉपात तेच. खलाशी व्हा, मिस्त्री होऊ नका.

हे वाचलं तेव्हा मी थांबलो. कारण गिरणीची गोष्ट अगदी हीच. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण आपला माणूस तिथं घेत नसत. धोट्यातला धागा तोंडानं ओढायला लागायचा, मग महाराचं उष्टं दुसऱ्यानं कसं ओढायचं? म्हणून आम्ही सूतकताईत. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल टाकला होता. तिकडं तोंडाची थुंकी, इकडं स्टेशनमास्तरची चूल. भांडवलाची एवढी मोठी मशिनरी, इंग्रजी राज्य, वाफेचं इंजिन, आणि सगळं अडलं होतं विटाळापाशी. माझ्या हातातला कताईचा धागा कुठून आला ते मला मनमाडच्या भाषणात कळलं.

त्या वेळी काही कामगार पुढारी म्हणाले, आंबेडकर कामगारांत फूट पाडतात. मी विचारतो, मडकी दोन कुणी ठेवली होती? फूट आधी होती. मनमाडला ती फक्त मोठ्यानं बोलून दाखवली.

पुढच्याच वर्षी दुसरं महायुद्ध. मनमाडवरून फौजेच्या गाड्या. देवळालीला गोऱ्या सोल्जरांची छावणी. माणसांच्या गाड्या कमी केल्या. प्रवास टाळा असं सरकार पोस्टर लावून सांगत होतं. काही शाखा-लाइनी उखडून रूळ आणि इंजिनं मध्यपूर्वेकडं धाडली. वर्कशॉपात दारूगोळ्याचं सामान बनू लागलं. गँगला सुटी नाही, कारण गाड्यांचा भार वाढला आणि नवा रूळ मिळेना. महागाई अशी की पगार पुरेना. कामगार बिथरेल या भीतीनं रेल्वेनं स्वस्त धान्याची दुकानं काढली. आजीनं सासूकडून ऐकलं, लढाई होती तोवर त्या दुकानातली ज्वारी घरात यायची. बाई म्हणायची, लढाई लोकांची वाईट, आपली बरी गेली. हे ऐकून मला हसू आलं नाही. ज्याच्या पोटाला शांततेत दाणा नाही त्याला युद्ध बरं वाटतं, हा कुणाचा गुन्हा?

पण सगळ्यांना बरं गेलं असंही नाही. रेल्वे चालते कोळशावर. १९४३ ला कोळसा कमी पडला. बायकांना खाणीत जमिनीखाली उतरवायला कायद्यानं बंदी होती. ती ऑगस्ट १९४३ मध्ये उठवली. हजारो बाया, बहुतेक आदिवासी आणि आपल्यासारख्या जातींच्या, पुन्हा अंधारात उतरल्या. त्या वेळी सरकारात मजूर खात्याचे सदस्य कोण होते? बाबासाहेबच. जुलै १९४२ पासून. हे लिहिताना माझा हात अडखळला. पण लिहायचं नाही तर दुसऱ्यांच्या इतिहासात आणि आपल्यात फरक काय राहिला? १९४४ च्या फेब्रुवारीत कायदेमंडळात त्यांना यावर जाब विचारला गेला. त्यांनी ही युद्धाची निकड आहे, तात्पुरती आहे असं सांगितलं. आणि त्याच कामाला बाईला पुरुषाइतकी मजुरी देण्याचं तत्त्व त्या धंद्यात आणलं हेही सांगितलं. १९४६ च्या फेब्रुवारीत बंदी पुन्हा लागू झाली. ज्याला ते योग्य वाटतं त्यानं तसं म्हणावं, ज्याला नाही त्यानं तसं. मी एवढंच म्हणतो, की राज्य दुसऱ्याचं आणि युद्ध दुसऱ्याचं असलं की आपला माणूस खुर्चीत बसूनही दार किती उघडायचं हे पूर्ण त्याच्या हातात राहत नाही. त्या बायांची नावं मात्र आपणही लिहून ठेवली नाहीत. तो दोष आपला.

एक दार मात्र या वेळी लावून घेता आलं नाही. ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. युद्ध संपल्यावर ती मोडली नाही, आजही आहे. १९२१ आणि १९४५ मधला फरक काय? इंग्रज तोच. फरक आमच्यात पडला होता. मधल्या काळात महाड झालं, मनमाड झालं. आणि आमच्याच लाइनीवरच्या येवल्यात १९३५ साली बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर करून टाकलं होतं. दाराच्या फटीत आमचा पाय होता. युद्ध दार उघडतं हे खरं, पण ते उघडं राहतं ते संघटनेच्या पायामुळं.

स्वातंत्र्य आलं. पणजाच्या जागेवर आजा लागला. गँगमन. बापाच्या जागेवर पोरगा, हीच आमची बढती.

८ मे १९७४. देशभर रेल्वेचा संप. सतरा लाख कामगार. पुढारी जॉर्ज फर्नांडिस. २७ मे पर्यंत चालला. देशात युद्ध नव्हतं, पण १९७१ च्या लढाईत लावलेली आणीबाणी उठवलेली नव्हती. त्या भारत संरक्षण नियमांखाली आणि मिसाखाली हजारो कामगार धरले. प्रादेशिक सेनेची माणसं गाड्या चालवायला आणली. शांततेत कामगाराला दाबायला युद्धाचा कायदा! आजी तेव्हा पंचविशीची, कडेवर माझा बाप. ती सांगते, "पोलीस आले, म्हनले खोली खाली करा. भांडी बाहेर टाकली. तुझा आजा ज्वारीच्या रानात तीन रात्री व्हता. मी म्हनलं, न्या भांडी, चौकट कशी न्याल?" चौकट त्या वेळी गावच्या घरात बसवलेली होती. त्याच वर्षी रेल्वेनं थर्ड क्लास हा शब्द काढून टाकला, सेकंड क्लास केला. शब्द बदलला. बाक तेच.

बापाला रेल्वेत जागा मिळाली नाही, म्हणून तो सोलापूरला आला आणि मी गिरणीत. आता गँगमनला ट्रॅक मेंटेनर म्हणतात. २०१८ ला रेल्वेनं या खालच्या श्रेणीच्या ६३ हजारांच्या आसपास जागा काढल्या, तर दीड कोटीच्या वर अर्ज आले. पदवीधर, इंजिनियर, सगळ्या जातींची पोरं. त्यांच्यावर माझा राग नाही, बेकारीनं सगळ्यांना रांगेत उभं केलं आहे. पण गंमत बघा. जोवर ती फक्त पहार होती तोवर ती आमची होती. तिला पेन्शन आणि क्वार्टर चिकटल्यावर ती सगळ्यांची झाली. आमच्यासाठी काय उरलं? रुळावरची घाण.

हे बोलायला पाहिजे. डब्यातला संडास शंभराहून जास्त वर्षं थेट रुळावर उघडा होता. फलाटाजवळ साचलेलं ते कुणी झाडलं? कुठल्या जातीनं? २०१३ च्या कायद्यात हातानं मैला साफ करणाऱ्याची व्याख्या आहे. तिच्यात रेल्वेचा रूळ हे शब्द आहेत. सरकारलाच लिहावं लागलं. आता डब्यांना बायो-टॉयलेट बसली, रूळ पुष्कळ स्वच्छ झाले. चांगलं झालं. पण माणसाच्या लाजेनं जे झालं नाही ते एका टाकीनं केलं, हे विसरू नका. आणि फलाट झाडणारी, डबे धुणारी माणसं आता बहुतेक कंत्राटदाराची आहेत. बोरघाटात जसा पोटकंत्राटदार होता तसाच.

शेवटची गोष्ट. २०२० च्या टाळेबंदीत पुढारी म्हणत होते, हे युद्ध आहे. गाड्या बंद. जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मध्य प्रदेशचे मजूर, त्यांत गोंड आदिवासी होते, गावी जायला भुसावळला गाडी मिळेल म्हणून रुळांवरून चालत निघाले. गाड्या बंद आहेत असं समजून करमाडजवळ रुळावरच झोपले. पहाटे रिकामी मालगाडी मनमाडकडं चालली होती. सोळा माणसं गेली. रुळावर भाकरी विखुरलेल्या सगळ्या देशानं बघितल्या. तारीख ८ मे. १९७४ चा संप सुरू झाला तीच तारीख.

माणसं बंद होती, माल चालू होता. १८७७ ला जे होतं तेच.

अभ्यासवर्गातल्या त्या कॉम्रेडना मी पुन्हा भेटलो. हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, तू लिही. मी म्हणालो, तुम्ही वर्गात सांगा, मग मी लिहितो. त्यांनी पुढच्या वर्गात मनमाडचं भाषण वाचून दाखवलं. या वेळी टाळ्या कमी पडल्या. पण वर्ग सुटल्यावर दोघं-तिघं माझ्याकडं आले. एक म्हणाला, माझा आजा कुर्डुवाडीला गँगमध्ये होता. दुसरा वडाराचा. तो म्हणाला, आमच्यात सांगतात, घाटातला एक बोगदा आमच्या माणसांनी फोडला. कोणता, ते त्याला माहीत नाही.

म्हणून वाचकांना एक काम सांगतो. घरी म्हातारं माणूस असेल तर आज विचारा, उद्या उशीर होईल. रेल्वेत कोण होतं? गँगमध्ये, कोळशावर, झाडू घेऊन, पाटी घेऊन? नाव, गाव, लाइन. बाईचं नाव असेल तर आधी तेच. एवढंच कागदावर लिहून संपादकांकडं पाठवा. ते छापायचं कबूल झालं आहेत.

सुरुवात मी करतो. पणजाचं नाव मी आजीला विचारलं. ती हसली. सासऱ्याचं नाव सून घेत नाही. मग तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली. आजीला प्रौढ साक्षरता वर्गात लिहायला आलेलं. चौकटीच्या आतल्या अंगाला, खिळ्याच्या भोकाखाली, तिनं ते हळूहळू लिहिलं. पुढच्या अंकात तुमच्या नावांबरोबर छापतो.